गॅरेजमधली जुनी एमजीबी कितीला विकायची? पैसे देऊन व्हॅल्युअर बोलावला, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांचं काम होईल. घरात जुनी क्लासिक स्पोर्ट्स कार आहे, वर्षानुवर्षं गॅरेजमधून हललेली नाही, रिस्टोअर केलेली नाही आणि आता विकायचीय, तर फी देऊन स्वतंत्र व्हॅल्युअर, म्हणजे गाडी तपासून किंमत सांगणारा जाणकार, घरी बोलवा. स्वतंत्र म्हणजे जो स्वतः गाड्या विकत घेत नाही आणि लिलावही चालवत नाही असा. आम्ही 180 पाउंड दिले आणि माझ्या मते ते पूर्ण वसूल झाले. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

गाडी माझी नाही. इथे इंग्लंडमध्ये आमच्या शेजारी एक आजी राहतात, त्यांचे यजमान वारले. मागे राहिली 1972 ची एमजीबी रोडस्टर, टील ब्लू रंगाची, नव्वदच्या दशकात कधीतरी गॅरेजमध्ये लावली ती लावलीच. आजी म्हणाल्या, तुला गाड्यांचं कळतं तर तूच बघ, फक्त मला कोणी फसवू नये आणि मीही कोणाला फसवू नये. हे दुसरं वाक्य मला फार आवडलं आणि सगळं काम त्याच हिशोबाने केलं.

ज्यांना एमजीबी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 ही गाडी बनली, दोन सीटर, उघडं छप्पर, 1798 सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन, आणि सगळी मॉडेलं धरून पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या. हा आकडा महत्त्वाचा आहे कारण लोक बातम्या वाचून हवेत जातात. 2015 मध्ये पॅरिसला एक फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर धुळीने माखलेल्या अवस्थेत लिलावाला आली आणि 1 कोटी 60 लाख युरोच्या वर गेली, तेव्हापासून प्रत्येकाला वाटतं की आपल्या गाडीवरची धूळ म्हणजे सोनंच. अहो, ती फेरारी जगात मोजून काही डझन आहेत आणि ती एकेकाळी अलँ दलाँ या नटाकडे होती. एमजीबी गल्लोगल्ली होती. तिला धुळीचे पैसे मिळत नाहीत, पत्र्याचे मिळतात.

व्हॅल्युअर बोलवायच्या आधी मी ऑनलाइन बघितलं. हॅगर्टी या क्लासिक गाड्यांचा विमा करणाऱ्या कंपनीची प्राइस गाइड फुकट बघता येते आणि छान आहे, वर्ष आणि मॉडेल टाकलं की चार पातळ्यांवर किंमत दाखवते, एक नंबर म्हणजे प्रदर्शनात ठेवायच्या लायकीची आणि चार नंबर म्हणजे ठीकठाक. पण चार नंबरचीसुद्धा चालती गाडी असते हे नीट वाचल्यावर कळतं, म्हणजे जी सुरूच होत नाही, ब्रेक जाम आहेत, टायर दगड झालेत अशी गाडी त्या पट्टीच्या खालीच राहते. टूलमध्ये खोट नाही, ते त्या कामासाठी बनलेलंच नाहीये. त्यातून वरची हद्द कळते, तळ कळत नाही. आणि जाहिरातीतल्या किमतींवर तर अजिबात जाऊ नका, तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नाही. लिलाव कंपन्या त्यांच्या साइटवर निकाल टाकतात ते बघा, आणि त्यात बायर्स प्रीमियम, म्हणजे बोलीच्या वर लिलाव कंपनी लावते ती फी, धरलाय का तेही बघा, कारण तो घेणाऱ्याने भरलेला असतो, विकणाऱ्याच्या हातात येत नाही.

मधल्या काळात दोन आकडे आमच्याकडे चालत आले. एका डीलरने गाडी न बघता फोनवरच 800 पाउंड सांगितले, वर उद्याच ट्रेलर पाठवतो म्हणाला. आणि आजींच्या नात्यातल्या कोणीतरी सांगितलं की बारा हजाराच्या खाली देऊ नका, अगदी तशीच गाडी नेटवर आहे. तशीच म्हणजे रंग तसाच, बाकी ती पूर्ण रिस्टोअर केलेली. आता 800 आणि 12,000 यांच्यामध्ये आजींनी काय करायचं? म्हणून व्हॅल्युअर.

फोनवरच त्याने पहिली गोष्ट सांगितली की गाडी धुवू नका, बॅटरी लावून स्टार्ट करायला बघू नका. आणि विचारलं की व्हॅल्युएशन कशासाठी हवंय. हा प्रश्न फार कामाचा आहे. इन्शुरन्ससाठीचा आकडा वेगळा, कारण तो गाडी गेली तर तशीच दुसरी आणायला लागतील तितका असतो, विक्रीसाठीचा त्यापेक्षा कमी, आणि आमच्या केसमध्ये प्रोबेटसाठी, म्हणजे वारसाच्या कागदपत्रांसाठी, मृत्यूच्या तारखेला बाजारभाव किती होता तेही लागत होतं. आपण नुसतं व्हॅल्युएशन करून द्या म्हटलं तर इन्शुरन्सचा आकडा हातात पडतो आणि मग त्याच भावाला गिऱ्हाईक का येत नाही म्हणून बसा वाट बघत.

तो आला आणि बॉनेट उघडायच्या आधी सरळ जमिनीवर आडवा झाला. टॉर्च, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि लोहचुंबक. एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीवर, आणि उघड्या छपराच्या गाडीत तर दाराखालचे सिल हाच तिचा कणा. हे सिल एका पत्र्याचे नसतात, बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि खाली कॅसल रेल असं सगळं मिळून एक पोकळ खोका तयार होतो, आणि पाणी आत शिरलं की तो आतून सडतो. बाहेरून काहीच दिसत नाही. मग लोक काय करतात, सडलेल्याच्या वरून नवीन पत्रा वेल्ड करतात, पुट्टी भरतात, रंग मारतात आणि विकतात. त्याने मला हात लावून दाखवलं, पुढच्या मडगार्डचा खालचा भाग आणि सिल यांच्यामध्ये कंपनीतून येते ती सांध्याची रेघ असायलाच पाहिजे, गुळगुळीत असेल तर समजायचं की आत काहीतरी झाकलंय. आजोबांच्या गाडीत दोन्ही बाजूंना रेघ होती. डावीकडे मागच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर आत गेला, तिथे पत्रा बिस्किटासारखा झाला होता, पण उजवी बाजू खणखणीत.

मग त्याने मागच्या बाजूला हळूच जॅक लावला, थोडी गाडी उचलली आणि मला म्हणाला आता दार उघडा आणि बंद करा. उजवं मस्त बंद झालं. डावं कुलपाजवळ किंचित घासलं. दाराच्या वरची फट कमी होते का ते तो बोट घालून बघत होता. कणा कमजोर असेल तर गाडी मधोमध वाकते आणि दार अडकतं, इतकं साधं. मी आत्तापर्यंत गाड्यांचं भरपूर वाचलंय पण ही टेस्ट डोळ्यासमोर बघितल्यावर कळलं की आपण फोटोवरून किंमत सांगतो ते किती पोकळ असतं. 180 पाउंडातले शंभर मी या पाच मिनिटांचे धरतो.

पुढे सीटच्या मागे बॅटरीचे दोन खण बघितले, त्या काळच्या एमजीबीला सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या यायच्या, एका खणाचा तळ गेलेला. फ्लोअर एका कोपऱ्यात गंजलेला. इंजिनसाठी स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, बराच वेळ थांबला आणि मग खालच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवलं. फिरलं! आजी दारात उभ्या होत्या, त्यांना काय झालं ते कळलं नाही पण माझा चेहरा बघून त्या टाळ्या वाजवायला लागल्या. इंजिन जाम नाही याचा अर्थ ते चांगलंय असा नाही हे त्याने तिथेच बजावलं, पण भावात फरक पडतोच.

ओरिजिनल काय काय शिल्लक आहे त्याची वेगळी यादी. 1970 ते 72 च्या एमजीबीला पुढे काळी, आत बसलेली ग्रिल होती, बऱ्याच मालकांनी ती काढून जुन्या मॉडेलची क्रोमची लावली. इथे ती काळीच आहे. क्रोमचे बंपर तेच (1974 च्या शेवटापासून अमेरिकेच्या नियमांमुळे काळे रबरी बंपर आले, त्या गाड्यांना साधारण कमी भाव मिळतो). ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन कमी फिरावं म्हणून गिअरबॉक्सला दिलेली जोड) आहे, तो त्या वेळी जास्तीचे पैसे देऊन घ्यावा लागायचा. कारखान्याने दिलेला गाडीचा नंबर जीएचएन5 ने सुरू, इंजिनचा 18व्ही ने, म्हणजे त्या वर्षाला शोभेल असं. रंग एकदाच मारलेला, कंपनीचा, आणि ठिकठिकाणी उडालेला. मी विचारलं उडालेल्या रंगाने भाव कमी होईल ना, तर म्हणाला की नवीन रंगाखाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही, हा रंग काही लपवत नाही, घेणारा याचेच पैसे देतो. हे मला मनापासून पटलं. रिस्टोअर न केलेल्या गाडीचा खरा गुण हाच, सगळे रोग वर दिसतात.

कागदपत्रांवर पण त्याने चांगला वेळ दिला. आजोबांनी फाईल ठेवली होती, सर्व्हिसची बिलं, पेट्रोलची वही, जुनी एमओटी (इथली दरवर्षीची गाडीची तपासणी) सर्टिफिकेटं. सरकारी साइटवर एमओटीचा इतिहास साधारण 2005 पासूनचा मिळतो, त्याआधी बंद पडलेल्या गाडीचं मीटर खरं आहे हे त्या जुन्या कागदांवरूनच सिद्ध होतं, त्यामुळे फाईल असेल तर कृपा करून रद्दीत टाकू नका. लॉगबुक, म्हणजे इथलं नोंदणीचं कागद, मात्र सापडत नव्हतं, ते नसेल तर डीव्हीएलएकडे, म्हणजे इथल्या आरटीओसारख्या सरकारी खात्याकडे, व्ही62 फॉर्म भरून मागवता येतं. आणि त्याच्याच सल्ल्याने गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मागवलं, कारखान्याच्या रेकॉर्डवरून गाडी कधी बनली, कुठल्या रंगात, कुठे पाठवली हे त्यात येतं. आमच्यात टील ब्लू लिहून आलं. वाचून आजी रडल्या.

आता आकडा. त्याने आहे त्या अवस्थेत 3,800 ते 4,600 पाउंड असा पट्टा दिला आणि कारणं लिहून दिली. मी म्हटलं, डावा सिल करून घेतला, ब्रेक केले, सुरू करून विकली तर? त्याने हिशोब मांडला. पार्ट सगळे मिळतात, ब्रिटिश मोटर हेरिटेज तर 1988 पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनवतंय, त्यामुळे पार्टचा प्रश्न नाही, प्रश्न मजुरीचा. सिल नीट करायचा तर मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो, बॉडी वाकू नये म्हणून दाराच्या चौकटीत आधार लावावा लागतो, मग रंग. दोन-तीन हजार घालून भाव दीडेक हजाराने वाढला तर कोणाचं भलं झालं? पूर्ण रिस्टोअर करायला बाहेर दिली तर तयार गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त खर्च येतो. म्हणून चांगल्या गाडीच्या भावातून खर्च वजा करून किंमत काढायला गेलं की उत्तर शून्याच्या खाली येतं, आणि डीलर 800 सांगतो तो याच गणिताचा आधार घेऊन. पण घेणारा हौशी माणूस स्वतःच्या मजुरीचे पैसे धरत नाही. त्याला हवी असते न बिघडवलेली, अर्धवट न उघडलेली, पूर्ण गाडी. सुट्या भागांचे खोके झाले की तो पळतो. म्हणून काही उघडू नका, काही रंगवू नका, फक्त टायरमध्ये हवा भरून ढकलता येईल इतकं करा.

कुठे विकायची तेही त्याने बोलून दाखवलं, लिलावात रिझर्व्ह, म्हणजे ज्याच्या खाली विकायची नाही असा भाव, ठेवता येतो पण कमिशन जातं आणि वाहतूकही आपल्या डोक्यावर, तर क्लबच्या जाहिरातीत वेळ लागतो पण योग्य माणूस येतो. आम्ही एमजी क्लबमध्ये 4,500 ला जाहिरात दिली, सडलेल्या सिलचा आणि बॅटरीच्या खणाचा फोटो सगळ्यात आधी टाकला. बापलेक आले, रिपोर्ट वाचला, स्वतः आडवे होऊन बघितलं आणि 4,250 ला व्यवहार झाला, फारशी घासाघीस नाही. कारवर इथे कॅपिटल गेन्स टॅक्स लागत नाही, ती चिंताही नव्हती.

पुण्या-मुंबईकडून कोणी वाचत असेल तर, आपल्याकडे 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजमध्ये नोंदवता येते, पण चासी, बॉडी, इंजिन मूळ अवस्थेत हवं. त्यामुळे विकायच्या आधी डिझेल इंजिन टाकलं की भाव वाढेल असं कोणी सांगत असेल तर अजिबात ऐकू नका. गाडी बघायला आलेला माणूस आधी खाली वाकतो का बॉनेट उघडतो एवढं बघा.

अर्धा स्टार कापला तो रिपोर्टसाठी. माणूस एक नंबर, पण लेखी रिपोर्ट यायला खूप वेळ लागला, दोनदा आठवण करावी लागली, आणि खालून काढलेले फोटो इतके अंधारे होते की जाहिरातीसाठी मला सगळे परत काढावे लागले. प्रोबेटची तारीख डोक्यावर असेल तर बुकिंग करतानाच रिपोर्टची तारीख लिहून घ्या, आणि विक्रीचा व प्रोबेटचा आकडा एकाच फीमध्ये मिळणार का तेही आधीच विचारा, आम्हाला मिळाला.