चिपळूणमधील गॅरेज : घाटापूर्वीची कूलिंग सिस्टिमची तपासणी
बहादूरशेख नाक्याजवळच्या या गॅरेजमध्ये उन्हाळ्यापूर्वी गाडीची कूलिंग सिस्टिम तपासून घेतली आणि काम मनापासून आवडले. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत मिस्त्रींनी रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही, कारण गरम असताना ते उघडल्यास दाबाखालचे उकळते पाणी अंगावर उडते. आतून निघालेले तांबूस पाणी दाखवून, विहिरीच्या पाण्यातील क्षारांनी नळ्या कशा चोंदतात हेही त्यांनी समजावले. फ्लशिंगनंतर, म्हणजे सिस्टिम आतून धुऊन काढल्यावर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर ५०:५० प्रमाणात भरले; या मिश्रणाचा उत्कलनबिंदू १०० अंशांहून अधिक असतो. रेडिएटरच्या पातींतील माती हलक्या धारेने धुतली. कुंभार्ली घाट भर दुपारी एसी लावून चढलो, तरी इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावरच राहिला. गर्दी बरीच असते, म्हणून सकाळी लवकर जावे.