आयल्ट्स की पीटीई? गोव्यातल्या मराठी मुलांसाठी

पदवी हातात आली आणि परदेशी शिकायला जायचं ठरलं, की फोंडा-डिचोलीकडची मुलं एकच प्रश्न विचारतात: इंग्रजीची सोपी परीक्षा कुठली, आयल्ट्स की पीटीई? त्याआधी, तुम्हाला जायचं तिथे चालते कुठली, हे बघा. विद्यापीठासाठी दोन्हींपैकी एकीची अ‍ॅकॅडमिक परीक्षा लागते. पण कॅनडात एक्स्प्रेस एंट्रीतून स्थायिक व्हायचं असेल तर आयल्ट्सची जनरल ट्रेनिंग किंवा पीटीईची कोअर लागते. तिथे अ‍ॅकॅडमिक देऊन बसलात तर पंधरा हजारांच्या वरची फी पाण्यात गेली. अट वाचतानाही ती पूर्ण वाचा. उदाहरणार्थ आयल्ट्ससाठी ‘एकूण 6.5, आणि कुठल्याही विभागात 6 पेक्षा कमी नको’ असं लिहिलेलं असतं. मुलं अडकतात ती त्यातल्या उत्तरार्धात.

आयल्ट्स पावणेतीन तासांची. ऐकण्याचे 40 प्रश्न अर्ध्या तासात, वाचनाचे 40 प्रश्न तासाभरात, लेखनाला तासात दोन प्रश्न, आणि बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. गुण 0 ते 9 बँडमध्ये, अर्ध्या-अर्ध्याने वाढणारे. पीटीई अ‍ॅकॅडमिक सुमारे दोन तासांत आटोपते. बोलणं आणि लेखन एकत्र, मग वाचन, मग ऐकणं, सगळं एकाच बैठकीत संगणकावर. गुण 10 ते 90. निकाल बहुधा दोन दिवसांत येतो. आयल्ट्सही संगणकावर दिली तर निकालाला फार दिवस लागत नाहीत, तेव्हा केवळ घाईपोटी पीटीई निवडू नका. दोन्ही निकाल दोन वर्षं चालतात.

खरा फरक बोलण्यात आहे, आणि माझ्या मते निवड तिथेच ठरते. आयल्ट्समध्ये परीक्षक माणूस असतो, समोर बसलेला किंवा काही ठिकाणी व्हिडिओवर. आधी घर, शिक्षण, आवडीनिवडी यांवर गप्पा. मग एक कार्ड मिळतं, विचार करायला एक मिनिट आणि बोलायला दोन. समजा कार्डावर सणाबद्दल बोला असं आलं. मुलगी चवथीबद्दल बोलू लागली, माटोळीला इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून तिने गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेली रानातली फळं असं समजावून सांगितलं. यात तिचं काहीच बिघडत नाही. उलट शब्द अडला तरी वाट काढता येते, हे परीक्षकाला दिसतं. क्षणभर थांबलात तरी तो वाट बघतो, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगता येतं. गोव्याच्या उच्चारांनाही घाबरू नका. बोलणं स्पष्ट कळतंय ना, एवढंच बघितलं जातं.

पीटीईत समोर माइक असतो, आणि गुण मुख्यतः संगणक देतो. स्क्रीनवरचा उतारा मोठ्याने वाचायचा, एकदाच ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं, आलेख 25 सेकंद बघून 40 सेकंदांत त्याचं वर्णन करायचं. तीन सेकंद गप्प राहिलात तर रेकॉर्डिंग बंद होतं आणि तो प्रश्न तिथेच संपतो. शेजारच्या खुर्चीवरची मुलंही त्याच वेळी मोठमोठ्याने बोलत असतात, त्याचीही सवय हवी.

म्हणून घरी कोंकणी, चौथीपर्यंत मराठी शाळा आणि इंग्रजी पाचवीपासून, असं जिचं शिक्षण झालंय आणि जी मनात वाक्य जुळवून मग बोलते, तिला मी बेधडक आयल्ट्स सुचवतो. तिची भाषा कच्ची नसते, तिला एक श्वास जास्त लागतो इतकंच. पीटीई मी त्याला सांगेन, जो अनोळखी माणसासमोर बिचकतो पण एकटा असला की न अडखळता बोलतो, आणि ज्याची बोटं कीबोर्डवर सफाईने चालतात.

वाचनात आयल्ट्सचा सापळा म्हणजे ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन. उताऱ्यात लिहिलंय, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू गोव्यात आणला. विधान आलं, काजू आफ्रिकेतून आला: फॉल्स. विधान आलं, गोव्यातल्या शेतकऱ्यांना तो लगेच आवडला: नॉट गिव्हन, कारण उताऱ्यात त्याबद्दल अवाक्षर नाही. हुशार मुलं इथे स्वतःचं ज्ञान वापरतात आणि गुण घालवतात. ऐकण्यात ध्वनिफीत एकदाच वाजते आणि स्पेलिंग चुकलं तर उत्तर चूक. मात्र चुकल्याबद्दल उलटे गुण जात नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडू नका. पीटीईत काही प्रश्नांना, उदाहरणार्थ एकाहून अधिक पर्याय निवडायचे असतात तिथे, चुकीचा पर्याय मिळालेला गुण काढून घेतो. तिथे अंदाजपंचे टिचक्या मारणं महागात पडतं. पीटीईच्या शेवटी वाक्य ऐकून टाइप करायचं असतं. त्याचे गुण ऐकणं आणि लेखन दोन्हींत जातात, म्हणून रोज दहा वाक्यांचा सराव कराच.

लेखनात आयल्ट्सला किमान 150 शब्दांत आलेखाचं वर्णन आणि किमान 250 शब्दांचा निबंध. निबंधाचं वजन दुप्पट, म्हणून त्याला 40 मिनिटं राखून ठेवा. पीटीईचा निबंध 20 मिनिटांत 200 ते 300 शब्दांचा, आणि उताऱ्याचा सारांश एकाच वाक्यात. क्लासमध्ये पाठ करून घेतलेले साचे दोन्हीकडे उघडे पडतात.

टोफेल या आणखी एका इंग्रजी परीक्षेचा विचार मुख्यतः अमेरिकेसाठी करा. जानेवारी 2026 पासून तिची रचना बदलली असून गुण 1 ते 6 असे मिळतात, तेव्हा जुनी पुस्तकं विकत घेऊ नका. ब्रिटनच्या व्हिसासाठी मान्य परीक्षांच्या यादीत टोफेल नाही.

नर्सिंग झालेल्यांचं गणित वेगळं. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला आयल्ट्स अ‍ॅकॅडमिकमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत 7 आणि लेखनात 6.5 लागतात. तिला ओईटी ही आरोग्यक्षेत्रातल्यांची इंग्रजी परीक्षाही चालते, ज्यात पहिल्या तीन विभागांत बी आणि लेखनात सी प्लस पुरतो. ओईटीतलं लेखन म्हणजे रुग्णाच्या नोंदींवरून लिहिलेलं पत्र आणि बोलणं म्हणजे रुग्णाशी संवाद. वॉर्डात काम केलेल्या मुलीला आलेखापेक्षा हे जवळचं वाटतं. ती फक्त परदेशी नर्स म्हणूनच जाणार असेल तर तिने ओईटीच द्यावी.

आणि आयल्ट्सच्या एकाच विभागात अर्धा बँड कमी पडला तर संगणकावर परीक्षा दिलेल्यांना, केंद्रावर सोय असल्यास, 60 दिवसांच्या आत तेवढाच विभाग पुन्हा देता येतो. तो निकाल सगळी विद्यापीठं घेत नाहीत. पैसे भरण्याआधी प्रवेश विभागाला ईमेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा.