आरसी बुकात एक, बॉनेटखाली दुसरेच : लातूरच्या एका डिझेल गॅरेजचा अनुभव

लातूरच्या औसा रस्त्यावर वेल्डिंगच्या एका दुकानामागे हे डिझेल गॅरेज आहे. बाहेर फलक नसल्यामुळे नवख्या माणसाला ते सापडत नाही, पण जुन्या जीप आणि पिकअप बाळगणाऱ्यांना ते चांगले ठाऊक आहे.

आमची महिंद्रा पिकअप एमएच-24 पासिंगची, तिसऱ्या हातची. सोयाबीनची पोती आडतीवर नेण्यापुरती वापरात असते. मे महिन्यात तिचे हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले पॅकिंग, उडाले. गावाजवळच्या मिस्त्रीने आरसी बुकातील 2523 सीसी (सिलिंडरांचे एकूण आकारमान) हा आकडा पाहून महिंद्राच्या एमडीआय या डिझेल इंजिनाचे पॅकिंग मागवले आणि ते ब्लॉकवर ठेवून पाहिले, तर एकही छिद्र धड जुळेना. उघडलेले पॅकिंग दुकानदाराने परत घेतले नाही. शेवटी उघड्या ब्लॉकवर ताडपत्री बांधून, टोचन लावून गाडी लातूरला आणली.

येथील वस्तादांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले की इंजिन ओळखल्याशिवाय एकही भाग मागवायचा नाही आणि ओळखण्याची मजुरी वेगळी, 500 रुपये, पडेल. तेव्हा ही अट मला खटकली होती. आधी वाया गेलेल्या पॅकिंगचा हिशेब केल्यावर मात्र खटकली नाही.

त्यांनी ब्लॉकवरील नंबराची जागा डिझेल आणि तारेच्या ब्रशने स्वच्छ केली आणि तीवर खडू घासला. उमटलेला नंबर आरसी बुकाशी जुळत नव्हता. नंतर त्यांनी मला पिस्टन दाखवले. एमडीआय हे थेट इंजेक्शनचे, म्हणजे डिझेल सरळ पिस्टनच्या माथ्यावर फवारणारे, इंजिन असल्याने त्याच्या पिस्टनच्या माथ्यावर वाटीसारखा खोल खड्डा असतो. आमच्या पिस्टनवर तशी वाटी नव्हती. उलट, काढून ठेवलेल्या हेडमध्येच ज्वलनाच्या लहान कोठड्या आणि इंजिन चालू करताना त्या तापवणारे चार हीटर प्लग होते. म्हणजे इंजिन अप्रत्यक्ष इंजेक्शनचे, असे त्यांनी तिथेच सांगून टाकले.

तरीही त्यांनी माप घेतलेच. बोअर गेजने सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, 94 मिलिमीटरच्या किंचित वर भरला. ती किंचित वाढ झिजेची. मग पोऱ्याने पान्याने पुलीचा नट फिरवून पिस्टन खाली-वर केला, आणि वस्तादांनी व्हर्नियरची दांडी सोडून पिस्टनच्या धावेच्या दोन्ही टोकांमधले अंतर, म्हणजे स्ट्रोक, मोजले : 90 मिलिमीटर. चार सिलिंडरचा गुणाकार केल्यावर 2498 सीसी आले. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या घराण्यातले हे एक्सडी3पी इंजिन महिंद्राच्या आर्माडासारख्या गाड्यांत येत असे, आणि आधीच्या कुठल्यातरी मालकाने ते आमच्या पिकअपमध्ये बसवले होते.

येथे खरी गोम होती. एमडीआयचा व्यास 88.9 आणि स्ट्रोक 101.6 मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. इंचांच्या मापातील हा घाट इंटरनॅशनल कंपनीच्या जुन्या ट्रॅक्टर इंजिनाकडून आलेला. दोन इंजिनांच्या सीसीत फरक अवघा 25 चा, पण व्यासात पाच मिलिमीटरचा. कागदावरून संशय येण्यासारखे काहीच नव्हते. “गुरुजी, आरसीत सीसी असतो, बोअर नसतो,” असे वस्ताद म्हणाले. बोअर वाढवून जाड पिस्टन टाकले असतील, ही माझी शंकाही त्यांनी लगेच मोडून काढली : बोअर अर्धा-एक मिलिमीटर वाढवता येतो, पाच नाही.

नवे पॅकिंग मागवण्याआधी त्यांनी पिस्टन ब्लॉकच्या पातळीच्या किती वर येतो तेही मोजले, कारण पॅकिंगची जाडी त्यावर ठरते. गाडी आता थंडीतही हीटर देऊन नीट चालू होते.

उणिवा सांगायच्या तर, दोन दिवस सांगून काम सहा दिवस चालले, फोन क्वचितच उचलला जातो, आणि पक्के बिल मागूनही साध्या चिठ्ठीवर आकडे लिहून मिळाले. ही चिठ्ठीची सवय त्यांनी मोडायला हवी. बदललेले इंजिन कागदावर आणताना अशा बिलाचा उपयोग होतो. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार गाडीतील अशा बदलाची नोंद आरटीओकडे हवी, हेही त्यांनीच लक्षात आणून दिले आणि नंबराचा पेन्सिलने उमटवलेला कागद हातात ठेवला.

गाडी सोडताना त्यांनी बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटने “94 × 90, हीटरवाले” असे लिहून दिले. त्याचे पैसे घेतले नाहीत.