फ्युएल पंप: अख्खी असेंब्ली की नुसती मोटर?
कन्नड घाटात गाडी आचके द्यायला लागली. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा फ्युएल पंप गेलाय म्हणत चाळीसगावच्या मिस्त्रीने दोन पर्याय दिले. कंपनीची असेंब्ली, म्हणजे पंपाचा अख्खा डबा, महाग, पण फ्लोट (टाकीत पेट्रोल किती ते सांगणारा तरंगता भाग), पेट्रोल गाळायची जाळी, सील सगळं नवं. बाहेरची नुसती मोटर बरीच स्वस्त, मात्र ती जुन्याच डब्यात बसवायची. माझी जाळी काढली तर काळी, मेणचट. तीच परत लावली असती तर नवी मोटरही लवकर गेली असती. मी मोटर घेतली, पण जाळी-सील नवे टाकून. गेज लावून पेट्रोलचं प्रेशर बघाच. साध्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीला साधारण ३ ते ४ बार (प्रेशर मोजायचं एकक) लागतं. पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, म्हणून भुसावळच्या मे महिन्यात टाकी पावाखाली नेऊ नका. फ्लोटही खराब असेल तर मात्र सरळ असेंब्लीच घ्या.