ब्रशशिवाय दाढी: ब्रशलेस क्रीम काही महिने वापरल्यानंतर

ब्रशलेस शेव्हिंग क्रीमबद्दल चार जणांना विचारले तर एक जण सांगतो की गालांची रोजची आग कायमची थांबली, आणि दुसरा नाक मुरडून म्हणतो की असली बुळबुळीत दाढी पुन्हा करणे नाही. गेले काही महिने, ऐन थंडीपासून उकाड्यापर्यंत, मी जवळजवळ प्रत्येक दाढी याच क्रीमने करतो आहे. त्याआधी बरीच वर्षे साबण, वाटी आणि ब्रश हाच माझा क्रम होता. आता दोन्ही बाजूंचे म्हणणे मला पटते. ज्याची दाढी चांगली होते आणि ज्याची होत नाही, त्यांच्यातला फरक बहुतेक वेळा क्रीम लावण्याआधीच्या पाच मिनिटांत असतो, असे माझे मत बनले आहे.

आधी एक घोळ दूर करायला हवा, कारण निम्मी भांडणे त्यातूनच होतात. फेसाचे साधे क्रीम बोटांनी चोळून लावले म्हणजे ते ब्रशलेस होत नाही. डब्यातून फुसकन बाहेर येणाऱ्या फोमलाही ब्रश लागत नाही, पण तोही मुळात साबणाचाच फेस; वायूने फुगवलेला, इतकेच. खरे ब्रशलेस क्रीम फेसाळत नाही. कितीही चोळले तरी त्याचा पांढरा, किंचित मोतिया झाक असलेला लेप राहतो, आणि बोटांना ते जुन्या व्हॅनिशिंग क्रीमसारखे लागते. तसे लागायचे कारणही उघड आहे: दोघांचा पाया स्टिअरिक आम्ल या मेणासारख्या पदार्थाचाच. फेसाच्या क्रीममध्ये या आम्लाचा बहुतेक भाग अल्कलीने साबणात बदललेला असतो. ब्रशलेसमध्ये थोडाच भाग बदलतात, आणि तेवढा साबण तेल व पाणी एकत्र धरून ठेवण्यापुरता पुरतो. बाकीचे आम्ल तसेच राहते. शुद्ध स्टिअरिक आम्ल सुमारे 69 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे चेहऱ्याच्या उबेने ते पातळ होऊन ओघळत नाही. त्यात खनिज तेल, लॅनोलिन (लोकरीतले मेण) किंवा ग्लिसरीन यांची भर पडली की त्वचा आणि पाते यांच्यामध्ये एक निसरडा थर टिकून राहतो. साबणाच्या फेसाचा सामू (पीएच) साधारण 9 ते 10 असतो आणि त्वचेचा 5च्या आसपास. ब्रशलेस क्रीमचा सामू फेसापेक्षा सहसा कमी असतो, त्यामुळे ज्यांची कातडी साबणाने ओढल्यासारखी होते त्यांना पहिल्याच दाढीत फरक कळतो.

मग तक्रार कशाची? ती समजायला ब्रश नेमके काय करत होता हे पाहावे लागते. आपण समजतो की ब्रश फेस करतो. फेस तर तो करतोच, पण त्याबरोबर तीन कामे न सांगता उरकतो: दाढीच्या खुंटांवरचे तेल साबणाने सुटे करतो, आडवे पडलेले केस उभे करतो, आणि या सगळ्यात जो वेळ जातो तेवढा वेळ केसांना ओले ठेवतो. यातले तिसरे काम सर्वांत मोलाचे आहे. दाढीचा केस आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी शोषून घेऊ शकतो आणि त्याने फुगून मऊ होतो. त्याला कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे लागतात. असा केस कापायला कोरड्या केसापेक्षा पुष्कळ कमी जोर लागतो. ब्रश फिरवण्यात ही मिनिटे आपोआप निघून जात. ब्रशलेस क्रीम दहा सेकंदांत लावून होते, म्हणून घाईचा माणूस अकराव्या सेकंदाला रेझर उचलतो, आणि तेलकट, अर्धवट कोरड्या खुंटांवर स्निग्ध लेप देऊन त्यावर पाते ओढतो. केस ओढला जातो, गाल चरचरतो, आणि दोष क्रीमच्या माथी येतो.

म्हणून माझा क्रम असा बसला आहे. आंघोळीनंतर लगेच, चेहरा न पुसता, दाढीच्या भागाला साधा फेसवॉश लावतो आणि हनुवटीखाली बोटांनी केसांच्या उलट दिशेने चोळतो. धुतल्यावर पाणी निथळू देतो, टॉवेलला हात लावत नाही. चेहरा ओला असतानाच क्रीम लावायचे आणि तेही पातळ. जाड थराने काहीच साधत नाही, फक्त रेझर लवकर भरतो. लावून झाले की मिनिटभर थांबायचे. त्या मिनिटात लेप आपला ओलेपणा सोडू लागतो आणि थोडा चिकट होतो, तेव्हा ओल्या बोटांनी एकदा वरून हलका हात फिरवला की तो पुन्हा निसरडा होतो. हे ओले बोट फिरवणे कुठल्याही ट्यूबवर छापलेले मी पाहिले नाही, पण माझ्या दाढीचा बराचसा गुळगुळीतपणा त्यावर अवलंबून आहे. उलट्या हाताच्या वेळी, म्हणजे केसांच्या उलट दिशेने रेझर फिरवताना, तर नवीन क्रीमही लागत नाही. गालावर उरलेला थर पाण्याच्या दोन थेंबांनी जागा होतो. साबणाचा फेस मात्र एकदा रेझर फिरला की गेला, तो पुन्हा लावावाच लागतो.

रेझर कोणता यावरही मत पालटते, आणि याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. माझ्याकडे पाच पात्यांचे कार्ट्रिज आहे आणि एक जुना, उघडणारा सेफ्टी रेझर. कार्ट्रिजच्या पात्यांमधल्या फटी अगदी अरुंद असतात. दोन गालांचे काम झाले की त्या फटींत पांढऱ्या लेपात कापलेले केस बसून एक घट्ट पट्टी तयार होते, आणि गार पाण्याखाली रेझर कितीही हलवला तरी ती तसूभर सरकत नाही. बेसिनच्या कडेवर आपटण्याचा मोह होतो, पण त्याने पात्याचीच धार जाते. कार्ट्रिज उलटे धरून मागच्या बाजूने गरम पाण्याची धार सोडली तर पट्टी सुटते, तीही दर तीन-चार ओढींनंतर हे केले तरच. सेफ्टी रेझरमध्ये हा त्रास निम्म्याहून कमी आहे, कारण पाते एकच आणि त्याखालची जागा मोकळी. शेवटी रेझर उघडून सगळे धुता येते. ज्याला गरम पाणी सहज मिळत नाही आणि जो चार-पाच पात्यांचे कार्ट्रिज वापरतो, त्याने या क्रीमला शिव्या दिल्या तर मी त्याला दोष देणार नाही.

बेसिनचेही तसेच. दाढी झाल्यावर आत एक गोल, मेणचट रेघ राहते आणि तिच्यात केस रुतून बसतात. नुसत्या पाण्याने ती जात नाही. घरातल्या दुसऱ्या कोणी तरी बेसिन स्वच्छ करायचे असेल, तर या क्रीमविषयी तिसरे मत तिथून ऐकायची तयारी ठेवावी.

दिसण्याचा मुद्दाही खरा आहे. फेसाच्या दाढीत रेझर जिथून गेला तिथे स्वच्छ पट्टा दिसतो, उरलेला पांढरा भाग म्हणजे उरलेले काम. पातळ लावलेल्या ब्रशलेस लेपात हा हिशेब डोळ्यांना लागत नाही. कानाच्या पाळीखाली जबड्याच्या वळणावर माझे खुंट सुरुवातीला हमखास राहून जात, आणि ते संध्याकाळी हात फिरवताना सापडत. डाव्या हाताच्या बोटांनी आधी चाचपून, मग रेझर फिरवण्याची सवय लागल्यावर हे थांबले. उलट कल्ल्यांची रेघ कापताना हाच पातळ लेप सोयीचा पडतो, कारण कडा स्पष्ट दिसते. जाड फेसात ती बुडून जाते. डोक्याचा गोटा करणारा माझा एक सहकारी तर याच कारणासाठी ब्रशलेसशिवाय दुसरे काही वापरत नाही. डोक्याच्या मागे आरशात तसेही काही दिसत नसते, सगळे काम बोटांच्या भरवशावर, आणि फेस तिथे ओघळून मानेवर येतो असे तो म्हणतो.

त्वचेबाबत माझा अनुभव बहुतांशी चांगला आहे. कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना उलट्या हातानंतर पूर्वी लालसर पुरळ उठायचे आणि सदऱ्याची कॉलर लागली की झोंबायचे. ते आता क्वचितच उठते. थंडीत गालांवर जी पांढुरकी साल निघायची ती या वेळी निघाली नाही, आणि आफ्टरशेव्हची बाटली जवळजवळ तशीच पडून आहे. पण उकाडा सुरू झाला तसे चित्र थोडे बदलले. दाढीनंतर साध्या पाण्याने तोंड धुतले की एक पातळ तेलकट थर मागे राहतो. थंडीत तो हवाहवासा वाटतो, घामाच्या दिवसांत नकोसा. हनुवटीवर दोन-चार बारीक पुटकुळ्या दिसू लागल्या, तेव्हा शेवटी पुन्हा एकदा सौम्य फेसवॉश लावायला सुरुवात केली आणि त्या कमी झाल्या. म्हणजे दाढीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. ब्रश वाचवून वाचलेला वेळ इथे खर्च होतो. ज्यांची त्वचा मुळातच तेलकट आहे आणि पुटकुळ्यांची आहे, त्यांना हे क्रीम बारा महिने मानवेल असे मला वाटत नाही.

माझे मामा हे क्रीम एकदा वापरून बाजूला ठेवून मोकळे झाले. त्यांची दाढी राठ आणि दाट, ती ते दोन दिवसांआड करतात, आणि ब्रश गोल गोल फिरवत बसणे हा त्यांच्या सकाळचा निवांत भाग आहे. "अरे, याने खुंट उभेच राहत नाहीत," हा त्यांचा आक्षेप. वाढलेल्या राठ दाढीत तो अगदी बरोबर आहे, कारण तिथे केस उचलण्याचे काम बोटांनी ब्रशइतके होत नाही. मावसभावाचे नेमके उलटे. त्याचे केस कुरळे आहेत, कापलेले टोक वळून पुन्हा त्वचेत शिरते आणि तिथे गाठ येते. त्याला तुळतुळीत दाढी नकोच आहे. एकाच सुलट्या हातात, कमी दाबाने, त्वचा न ताणता काम व्हावे एवढीच अपेक्षा आहे. त्याला ब्रशचे घासणेही नको असते. तो हे क्रीम सोडायला तयार नाही. या दोघांना एकमेकांचे पटवून देण्याचा प्रयत्न मी केलेला नाही.

ब्रशविना दाढी ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत फ्रँक शील्ड्स यांनी 1919मध्ये बार्बासॉल बाजारात आणले ते ट्यूबमधले, फेस न होणारे क्रीम म्हणूनच, आणि 1925पासून बर्मा-शेव्हने रस्त्याकडेला ओळीने लावलेल्या यमकी पाट्यांनी असल्या क्रीमची जाहिरात घरोघरी पोहोचवली. त्या काळात ब्रशविषयी लोकांच्या मनात भीतीही होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घोड्याच्या केसांच्या, नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशांमुळे अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या घटना ब्रिटन आणि अमेरिकेत घडल्या होत्या. आजच्या चांगल्या ब्रशबाबत ती भीती बाळगायचे कारण नाही. तो वापरल्यावर झटकून हवेशीर जागी वाळवला म्हणजे झाले. तरी स्वच्छतेचा मुद्दा अजून कोणी ना कोणी काढतोच.

प्रवासाचा फायदा सगळे सांगतात आणि तो आहेही: ओला ब्रश पिशवीत कोंबावा लागत नाही. मात्र बऱ्याच विमानतळांवर हातातल्या सामानासाठी असलेला 100 मिलिलिटरचा नियम क्रीमच्या ट्यूबला लागू होतो, साबणाच्या वडीला नाही, त्यामुळे मोठी ट्यूब नेणाऱ्याची पंचाईत होते. जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्याच्या ठिकाणी मात्र ब्रशलेस निर्विवाद पुढे आहे. तिथे साबण पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून चोथा होतो आणि फेस धरतच नाही. ज्या क्रीमला फेस करायचाच नाही त्याचे त्यामुळे फारसे अडत नाही. ट्यूब लवकर संपते हेही सांगितले पाहिजे. फेसात निम्म्याहून जास्त काम पाणी आणि हवा करतात, बदामाएवढ्या क्रीमचा वाटीभर फेस होतो. इथे जेवढे क्रीम चेहऱ्यावर तेवढेच, त्यात भर पडत नाही.

सध्या मी रोजच्या सुलट्या दाढीला ब्रशलेस आणि सेफ्टी रेझर वापरतो. दोन-तीन दिवसांची वाढलेली दाढी असेल तर ब्रश काढतो. कोणाला वापरून पाहायचे असेल तर ट्यूबवरची घटकांची यादी आधी वाचावी. पाण्याखालोखाल स्टिअरिक आम्ल दोन्ही प्रकारांत असू शकते, त्यावरून काही कळत नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड (साबण करणारी अल्कली) यादीत वरच्या बाजूला असेल आणि सोबत खोबरेल किंवा मिरिस्टिक आम्ल असेल, तर ते बहुधा फेसाचेच क्रीम आहे, नाव काहीही असो. खनिज तेल, ग्लिसरील स्टिअरेट, सेटिल अल्कोहोल, ट्रायइथेनॉलअमाइन अशी नावे दिसली तर ते ब्रशलेसच्या जातीचे. तीव्र सुगंध किंवा मेंथॉल असलेले पहिल्यांदा टाळावे, कारण हा लेप फेसापेक्षा जास्त वेळ त्वचेवर राहतो, आणि थोडे क्रीम मनगटाच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहिल्यावरच ते गालाला लावावे.