नियोजित ॲडमिशन : तारीख पक्की, खाट अधांतरी

आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया यंदा जूनमध्ये कर्वे रस्त्याच्या परिसरातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि डॉक्टर व परिचारिका यांचे ऋण आम्ही मनापासून मानतो. हे परीक्षण मात्र त्या रुग्णालयाच्या ‘नियोजित ॲडमिशन’ या सेवेपुरते आहे. तिच्यासाठी तळमजल्यावर वेगळा कक्ष आहे आणि माहितीपत्रकात तिची ठळक जाहिरातही आहे.

सेवेचा पूर्वार्ध वाखाणण्यासारखा होता. शस्त्रक्रियेच्या तीन आठवडे आधी रक्ताच्या तपासण्या, हृदयरोगतज्ज्ञांचे मत आणि भूलतज्ज्ञांची तपासणी या सगळ्या गोष्टी एकाच सकाळी उरकल्या. खर्चाचा अंदाज लेखी मिळाला आणि त्यात कृत्रिम सांध्याची किंमत स्वतंत्र दाखवली होती. 2017 साली सरकारने या सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्यापासून ती तपासून पाहणे सामान्य माणसालाही शक्य झाले आहे. कॅशलेसचे, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट रुग्णालयाला चुकते करण्याचे, कागद टीपीए डेस्कने (विम्याचे दावे हाताळणाऱ्या रुग्णालयातील खिडकीने) चार दिवस आधीच विमा कंपनीकडे पाठवले आणि प्राथमिक मंजुरी त्याच दुपारी आली. विमा नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार ही मंजुरी एका तासात अपेक्षित आहे. आम्हाला थोडा जास्त वेळ लागला, परंतु त्याची तक्रार नाही.

तक्रार आहे ती दाखल होण्याच्या दिवसाची. सायंकाळी चार वाजता या, असे सांगितले होते आणि आम्ही पावणेचारलाच पोहोचलो. तेव्हा समजले की आईच्या विम्याला चालणाऱ्या दोन खाटांच्या खोलीतील एकही खाट रिकामी नाही. काउंटरवर सांगण्यात आले, “तारीख तुमची पक्कीच आहे, रूम उपलब्धतेनुसार मिळते.” साडेसात वाजेपर्यंत बहात्तर वर्षांच्या बाईने दुखरा गुडघा घेऊन प्रतीक्षाकक्षातील प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून काढले. मधल्या वेळात वरच्या श्रेणीची खोली लगेच देण्याची तयारी दाखवण्यात आली, पण तिचा परिणाम काय होईल हे कोणीही आपण होऊन सांगितले नाही. आईच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 5,000 रुपये आहे. 8,000 रुपयांची खोली घेतली असती, तर वरचे 3,000 रुपये भरून भागले नसते. डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क यांसारख्या खर्चांपैकीही आठातील पाचच भाग विमा कंपनीने दिले असते. औषधे आणि कृत्रिम सांधा यांना ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही, उरलेल्या मोठ्या भागाला होते. पॉलिसी वाचलेली होती म्हणून मी नकार दिला. ज्याने वाचलेली नसते, तो दमलेल्या आईकडे पाहून होकार देतो, आणि त्याचा अर्थ त्याला बिलाच्या दिवशी कळतो.

यामुळे ‘नियोजित’ या शब्दाची व्याख्याच त्या कक्षाने लेखी द्यावी, असे मला वाटते. विमा कंपन्यांच्या लेखी फरक मुख्यतः सूचनेच्या वेळेचा असतो: जानेवारी 2024 पासूनच्या ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ व्यवस्थेत (विमा कंपनीशी करार नसलेल्या रुग्णालयातही कॅशलेस देणाऱ्या) ठरवून दाखल व्हायचे असल्यास किमान 48 तास आधी कळवायचे असते, तातडीच्या प्रसंगी दाखल झाल्यापासून 48 तासांच्या आत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत याहून बारीक विचार आहे. तेथे ठरवून होणाऱ्या ॲडमिशनची नोंद तीन प्रकारे होते: प्रतीक्षायादीतील, दाखल करण्याचा निर्णय होतानाच तारीख दिलेली, आणि उपचारांच्या क्रमानुसार ठरावीक काळानेच करायची. आमच्याकडे तारीख दिली गेली, पण आम्हाला वागवले गेले प्रतीक्षायादीतल्यासारखे. माझ्या मते तारीख, शस्त्रक्रियागृहाची वेळ आणि ठरलेल्या श्रेणीतील खाट या तिन्हींची हमी दिल्याखेरीज रुग्णालयाने हा शब्द वापरू नये. शिवाय ‘नियोजित’ म्हणजे ‘टाळता येण्याजोगे’ नव्हे, हेही काउंटरवरील कर्मचाऱ्यांना सांगण्याची गरज आहे; दोन वर्षे जिने चढू न शकलेल्या माणसाला शस्त्रक्रियेची निकड नव्हती, असे कोण म्हणेल?

मराठीत आपण शाळेत प्रवेश घेतो आणि रुग्णालयात दाखल होतो, बोलताना मात्र दोन्हीकडे ‘ॲडमिशन’च म्हणतो, आणि अडचणही दोन्हीकडे सारखीच येते. माझ्या बहिणीची नाशिकहून ऑक्टोबरमध्ये पुण्याला बदली झाली, तेव्हा एका शाळेने भाचीचा अर्ज ‘प्रवेशाचे वेळापत्रक संपले’ म्हणून परत केला. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 15 प्रवेशाची वेळ सत्राच्या आरंभाशी जोडते, परंतु मुदत उलटल्यानंतर आलेल्या बालकालाही प्रवेश नाकारता येणार नाही, असे तेच कलम सांगते. वेळापत्रक हे संस्थेच्या सोयीसाठी असते. ते दाखवून दार लावून घेण्याची मुभा कायद्याने दिलेली नाही.

डिस्चार्जचा अनुभव ठीक होता. अंतिम मंजुरी नियमातील तीन तासांच्या आत आली आणि बिल अंदाजापेक्षा फारसे वाढले नाही.

पूर्वतयारीसाठी मी या सेवेला पाचपैकी साडेचार गुण देईन, प्रत्यक्ष दाखल होण्याच्या दिवसासाठी दीड. आईचा डावा गुडघा दिवाळीनंतर करायचा आहे आणि डॉक्टर तेच हवेत, म्हणून रुग्णालयही तेच राहील. या वेळी ॲडमिशनच्या चिठ्ठीवर खोलीची श्रेणी आणि खाट राखून ठेवल्याची नोंद सही-शिक्क्यासह द्यावी, असा अर्ज मी मागील सोमवारी त्या कक्षात दिला असून त्याची पोच घेतली आहे.