शोधनिबंधाची तपासणी: सॉफ्टवेअर की चेकलिस्ट?

बेळगाव-निपाणीकडचे एमडीचे विद्यार्थी प्रबंधासाठी ढीगभर शोधनिबंध जमवतात. त्यांतला भरवशाचा कुठला, हे तपासायचे दोन मार्ग आहेत.

सायस्कोरसारखे सॉफ्टवेअर ‘पद्धती’ हा भाग वाचून रँडमायझेशन (चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवाटणी), ब्लाइंडिंग (कुणाला कुठला उपचार ते लपवणे), नमुनासंख्येचे गणित, प्राण्यांचे लिंग यांचा उल्लेख आहे का, ते काही मिनिटांत सांगते. पहिल्या चाळणीला उत्तम. पण ते फक्त उल्लेख शोधते. ‘रँडम पद्धतीने गट पाडले’ लिहिले की काम झाले, प्रत्यक्षात एकाआड एक रुग्ण वाटलेला का असेना.

चेकलिस्टला वेळ लागतो, तरी प्रबंधाचा पाया असलेल्या निबंधांना तीच हवी. प्राण्यांवरील प्रयोगांना अराइव्ह २.०, रुग्णचाचण्यांना कन्सॉर्ट. रुग्णचाचणी असेल तर आधी सीटीआरआय या भारतातल्या रुग्णचाचण्यांच्या नोंदवहीतली नोंद उघडा: ती पहिला रुग्ण घेण्याआधीची आहे का? मुख्य मोजमाप निबंधातले आणि नोंदीतले तेच आहे का? नोंदीत सहा आठवड्यांनंतरची वेदना आणि निबंधात तीन आठवड्यांची, तर सोयीचा आकडा निवडल्याची शंका घ्या. मग सरासऱ्या पडताळा. २८ रुग्णांच्या पूर्णांकी गुणांची सरासरी ५.१९ येऊच शकत नाही. १४५ बेरजेला ५.१८ येते, १४६ला ५.२१.

बेळगावात आयसीएमआरची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे, त्यामुळे इथे वनौषधींचा विषय जवळचा. अशा निबंधांत वनस्पतीची प्रजाती, वापरलेला भाग, अर्क काढण्याचे द्रावक आणि वनस्पतिसंग्रहातला नमुना क्रमांक पाहा. क्रमांक नसेल तर नेमकी कुठली वनस्पती वापरली, हे नंतर कुणालाच पडताळता येत नाही.